वैयक्तिक कारणास्तव

१० डिसेंबर २०१८ च्या सोमवारी माझे अर्थ पान पावणेपाचलाच जवळजवळ लागून झाले होते. मराठी दैनिकाच्या डेस्कवर असे क्वचितच घडते. शुक्रवारी संध्याकाळी आलेल्या मतदानोत्तर चाचण्यांचा धसका शेअर बाजाराने घेतला होता; सेन्सेक्स ७१३ अंकांनी घसरून ३५ हजारांच्या खाली बंद झाला होता आणि डॉलर ७१ रुपये ३२ पैशांवर गेला होता. मथळा तयार होता, आलेख बसला होता, तळाचे साप्ताहिक सदरही जागेवर होते. रस्सीखेच चालू होती ती पहिल्या पानाची. दुसऱ्या दिवशी पाच राज्यांची मतमोजणी होती आणि संसदेचे हिवाळी अधिवेशनही त्याच दिवशी सुरू होणार होते. उपेंद्र कुशवाह केंद्रीय मंत्रिमंडळातून बाहेर पडले होते आणि लंडनच्या न्यायालयातून विजय मल्ल्याच्या प्रत्यार्पणाचा निकाल यायचा होता. एवढे सगळे एका पानात कोंबायचे म्हणून वृत्तसंपादकांनी पानाचा आराखडा तीनदा खोडला होता. त्या पानाशी माझा संबंध नसल्यामुळे मी निवांत चहा घेत बसले होते.

पाच वाजून गेल्यावर वृत्तसंस्थेचा फ्लॅश पडला. राष्ट्रीय बातम्या पाहणारा उपसंपादक आधीच कुशवाहांच्या बातमीला कंटाळलेला होता. त्याने ‘पटेल यांचा राजीनामा’ एवढेच वाचले आणि मोठ्याने विचारले, ‘‘आता हे कोणते पटेल?’’ मी त्याच्या खांद्यावरून पडद्यावर पाहिले आणि चहाचा कप तिथेच त्याच्या टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी तो मला तसाच परत मिळाला.

पटेल म्हणजे रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर ऊर्जित पटेल. त्यांची तीन वर्षांची मुदत संपायला नऊ महिने बाकी होते. बाजार बंद झाल्यावर ही बातमी आली, याचे मला त्या क्षणी हायसे वाटले, कारण निदान शेअर बाजाराची बातमी फिरवावी लागणार नव्हती. काही मिनिटांत सिंगापूरच्या वायद्यांत निफ्टी आणि परदेशी बाजारांत रुपया घसरू लागल्याच्या ओळी येऊ लागल्या, तेव्हा हे समाधानही संपले.

निवेदन रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर होते. जेमतेम चार वाक्यांचे. ते मराठीत आणण्याचे काम माझ्याकडे आले आणि पुढची पंधरा मिनिटे मी त्या चार वाक्यांशी झगडत होते. पहिले वाक्य सोपे होते: वैयक्तिक कारणांमुळे सध्याच्या पदावरून तत्काळ पायउतार होण्याचा निर्णय आपण घेतला आहे. दुसऱ्यात रिझर्व्ह बँकेत वेगवेगळ्या पदांवर काम करायला मिळाल्याचा अभिमान होता. तिसऱ्यात अडकले. अलीकडच्या वर्षांत बँकेने जे साध्य केले त्याचा ‘प्रॉक्झिमेट ड्रायव्हर’ म्हणजे कर्मचाऱ्यांचे आणि अधिकाऱ्यांचे कष्ट, असे त्यात म्हटले होते. निरोपाच्या चार ओळींत ‘प्रॉक्झिमेट’ लिहिणारा माणूस प्रत्येक शब्द तोलून लिहीत असणार, हे उघड होते. ‘निकटचे कारण’ लिहिले, खोडले, ‘मुख्य बळ’ लिहिले, तेही खोडले. शेवटी ‘प्रत्यक्ष बळ’ ठेवले. मी आजही त्यावर समाधानी नाही. चौथ्या वाक्यात सहकाऱ्यांचे आणि मध्यवर्ती संचालक मंडळाच्या सदस्यांचे आभार होते. तिथे निवेदन संपत होते. ज्या सरकारने नेमले त्या सरकारचा, पंतप्रधानांचा, अर्थमंत्र्यांचा त्यात उल्लेखच नव्हता. भाषांतर करणाऱ्याला न लिहिलेले शब्द लवकर दिसतात, कारण हात आपोआप त्यांच्या जागी जातात. शिरस्त्याप्रमाणे मी ‘सरकारचे’ हा शब्द टाइप करूनही बसले होते. मूळ मजकूर पुन्हा पाहिला तेव्हा तो काढून टाकावा लागला.

मग मथळ्यावरून वाद झाला. माझे म्हणणे होते की, ‘वैयक्तिक’ हा शब्द अवतरणचिन्हांत घ्यावा.

‘‘अवतरणचिन्ह टाकलं की ते आपलं मत झालं,’’ वृत्तसंपादक म्हणाले.

‘‘पण सर, शब्द त्यांचाच आहे. आपण नुसता त्यांच्या नावावर ठेवतोय.’’

‘‘वाचक असं वाचत नाही. तो म्हणतो, पेपरवाले डोळा मारतायत.’’

त्यांचे खोटे नव्हते. पण गेले सहा आठवडे आमच्याच पानांवर जे छापून येत होते ते पाहता, चिन्हाविना तो शब्द छापणे हेही एक मतच ठरणार होते. २६ ऑक्टोबरला डेप्युटी गव्हर्नर विरल आचार्य यांनी मुंबईत ए. डी. श्रॉफ स्मृती व्याख्यान दिले होते. त्यात २०१० मधल्या अर्जेंटिनाचा दाखला होता. तिथल्या सरकारला मध्यवर्ती बँकेच्या गंगाजळीतले ६ अब्ज ६० कोटी डॉलर हवे होते, गव्हर्नर मार्टिन रेद्रादो अडून बसले आणि अखेर पायउतार झाले. जी सरकारे मध्यवर्ती बँकेची स्वायत्तता मानत नाहीत त्यांना आज ना उद्या बाजाराचा रोष ओढवून घ्यावा लागतो, हा त्या भाषणाचा आशय होता. त्यानंतर रिझर्व्ह बँक कायद्याचे सातवे कलम चर्चेत आले. गव्हर्नरांशी सल्लामसलत करून लोकहितासाठी बँकेला निर्देश देण्याचा अधिकार त्याने सरकारला दिला आहे, पण तो तोवर कधी वापरला गेला नव्हता. दुबळ्या सरकारी बँकांवरचे कर्जवाटपाचे निर्बंध, ‘आयएल अँड एफएस’ ही पायाभूत प्रकल्पांना कर्ज देणारी कंपनी कोसळल्यानंतर बिगरबँक वित्त कंपन्यांना भासणारी रोकडटंचाई आणि रिझर्व्ह बँकेची गंगाजळी हे तंट्याचे विषय. १९ नोव्हेंबरची संचालक मंडळाची बैठक नऊ तास चालली होती आणि पुढची बैठक चारच दिवसांवर, १४ डिसेंबरला होती. इतक्या गोष्टी समोर असताना ‘वैयक्तिक’ हा शब्द कसा छापायचा, हा काही केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हता.

वाद मिटला नाही. वृत्तसंपादकांनी मथळा स्वतःकडे ठेवला आणि मला दुसरे काम दिले. ‘‘चौकट लिही. गव्हर्नर कोण निवडतं, कसं निवडतात, कोण काढू शकतं. साडेचारशे शब्द. सोप्या मराठीत, आणि सात वाजता मला हवी.’’

मी घाईघाईने पहिलीच ओळ लिहिली, ‘सरकारशी मतभेद झाल्याने मुदतीआधी पद सोडणारे ऊर्जित पटेल हे पहिलेच गव्हर्नर होत.’ ओळ झोकदार होती, म्हणून लिहिली. कुठे पडताळून पाहिली नव्हती. सुदैवाने ती पानावर जाण्याआधी मी डोंबिवलीला एक फोन केला. तिथे रिझर्व्ह बँकेतून निवृत्त झालेले एक अधिकारी राहतात. आमची ओळख त्यांच्या पत्रांतून झाली. अर्थ पानावर चूक झाली की तिसऱ्या दिवशी त्यांचे पोस्टकार्ड येई, त्यात चूक अधोरेखित आणि खाली ‘कळावे’. त्यांना ती ओळ वाचून दाखवली. पलीकडे काही क्षण शांतता होती.

‘‘पहिले म्हणजे कितवे पहिले? अहो, आमचे पहिले गव्हर्नरच असे गेले.’’

‘‘म्हणजे कोण?’’

‘‘सर ऑस्बर्न स्मिथ. १९३५ साली आले, १९३७ साली गेले. व्याजदर आणि रुपयाचा विनिमय दर, दोन्हींवर सरकारशी पटेना. साडेतीन वर्षांची मुदत होती, ती पुरी केली नाही. एकाही नोटेवर त्यांची सही नाही. जुन्या नोटा जमवणाऱ्या कुणालाही विचारा. आणि सत्तावन्न साल विसरलात?’’

सत्तावन्न साल मला माहीतच नव्हते, म्हणून विसरण्याचा प्रश्न नव्हता. त्यांनी ते सांगितले आणि मी लिहून घेतले. जानेवारी १९५७ मध्ये बेनेगल रामा राव यांनी राजीनामा दिला. साडेसात वर्षे ते गव्हर्नर होते. एवढा काळ त्या पदावर आजवर दुसरे कोणीही राहिलेले नाही. अर्थमंत्री टी. टी. कृष्णमाचारी यांनी हुंड्यांवरचे, म्हणजे व्यापारी उधारीच्या कागदांवरचे, मुद्रांक शुल्क एवढे वाढवले की बँकदर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या दराने पैसे देते तो, वाढवल्यासारखाच परिणाम झाला, आणि बँकदर ठरवणे हे तर गव्हर्नरांचे काम. नेहरूंनी अर्थमंत्र्यांची बाजू घेतली आणि रामा राव बाहेर पडले. पुढचा दीड महिना के. जी. आंबेगावकर यांनी काम पाहिले आणि मग एच. व्ही. आर. अय्यंगार आले.

‘‘आणि कृष्णमाचारी त्या खुर्चीवर का आले, हे तरी मराठी पेपराला ठाऊक असावं,’’ ते म्हणाले. आता ते रंगात आले होते. ‘‘चिंतामणराव देशमुखांनी मुंबईसाठी अर्थमंत्रिपद सोडलं म्हणून.’’

हे मात्र मला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते एवढेच की, या दोन राजीनाम्यांमध्ये जेमतेम अर्धे वर्ष आहे. चिंतामणराव म्हणजे महाडजवळच्या नाते गावचे, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. १९५६ मध्ये मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिमंडळ सोडले, हे महाराष्ट्रात शाळकरी मुलांनाही माहीत असते. त्या रिकाम्या खुर्चीवर आलेल्या मंत्र्याशी पाच महिन्यांत गव्हर्नरांचे बिनसले, हे मी तरी कुठे शिकले नव्हते. देशमुख अर्थमंत्रिपदी राहिले असते तर रामा राव राहिले असते का, याला अर्थात उत्तर नाही. पण आपल्याकडे ज्या राजीनाम्याचा अभिमान बाळगला जातो त्याचा एक धागा मिंट रोडवरच्या रिझर्व्ह बँकेच्या इमारतीपर्यंत असा पोहोचतो, या विचाराने मी क्षणभर चौकट विसरले.

‘‘पण हा झाला इतिहास,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्हाला निवड लिहायची आहे ना? मग कायदा उघडा. आठवं कलम. नेमणुकीचं वाक्य वाचा, आणि मुदतीचं त्याहून नीट वाचा. सगळं मुदतीत आहे.’’ एवढे बोलून त्यांनी फोन ठेवला. बहुधा दूरचित्रवाणीवर बातम्या सुरू झाल्या असाव्यात.

मी कायदा उघडला. गव्हर्नर आणि जास्तीत जास्त चार डेप्युटी गव्हर्नर केंद्र सरकार नेमेल, एवढेच तिथे आहे. पात्रता काय, नावे कोण सुचवणार, कोणाशी सल्लामसलत करायची, यावर कायदा गप्प आहे. व्यवहारात कॅबिनेट सचिवांच्या अध्यक्षतेखालची एक शोध समिती नावे पुढे ठेवते आणि मंत्रिमंडळाची नियुक्ती समिती शिक्कामोर्तब करते, पण हे सारे कायद्याबाहेरचे. १९३४ च्या मूळ कायद्यात मात्र आणखी काही शब्द होते. नेमणूक गव्हर्नर जनरल करणार, पण बँकेच्या संचालक मंडळाने काही शिफारस केली असेल तर तिचा विचार करून. १ जानेवारी १९४९ ला बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले, तेव्हा ते शब्द गेले. म्हणजे परक्या सरकारला मंडळाचे निदान ऐकून तरी घ्यावे लागत होते आणि स्वकीय सरकारला तेवढेही बंधन उरले नाही. यात काही कारस्थान होते असे मी म्हणणार नाही. तेव्हाच्या मंडळात खासगी भागधारकांचे प्रतिनिधी होते आणि लोकांनी निवडलेल्या सरकारने त्यांचे का ऐकावे, हा प्रश्न रास्त होता. तरी शब्द गेले ते गेलेच.

आणि मग मुदत. सरकार नेमताना ठरवील तेवढी, पण पाच वर्षांहून जास्त नाही. पुन्हा नेमता येईल. शेजारीच अकरावे कलम, ज्यानुसार सरकार गव्हर्नरांना पदावरून दूर करू शकते. अमेरिकेत फेडरल रिझर्व्हच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकेच्या, मंडळावरचा सदस्य चौदा वर्षांसाठी नेमला जातो आणि त्याला काढायचे तर तसे कारण असावे लागते. आपल्याकडे ‘पाच वर्षांपर्यंत’ हा एकच शब्दप्रयोग सारे काम करतो. काढण्याचे कलम वापरण्याची सरकारला गरजच पडत नाही. तीन वर्षांसाठी नेमायचे आणि पुढचे पुढे पाहू म्हणायचे, की झाले. दावे कापायची गरज नसते, ते आखूड बांधले की पुरते. दुव्वुरी सुब्बाराव यांना आधी तीन वर्षे मिळाली आणि मग दोन. रघुराम राजन यांना तीन मिळाली. पुढची मिळणार की नाही, यावर कित्येक महिने जाहीर चर्चा झडली. अखेर १८ जून २०१६ ला, एका शनिवारी, आपण अध्यापनाकडे परत जात असल्याचे त्यांनीच कर्मचाऱ्यांना पत्र लिहून कळवले. त्यांच्या जागी आलेल्या पटेलांनाही तीनच. गव्हर्नर कोण झाले, हे आम्ही दर वेळी सहा रकान्यांत छापले होते. किती वर्षांसाठी झाले, हे बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात असे, आणि जागा कमी पडली की आधी तोच कापला जाई. तो कापणारा हात बहुतेक वेळा माझाच होता.

साडेसहाला मजकूर दाखवला. वृत्तसंपादकांनी तो उभ्याउभ्या वाचला आणि विचारले, ‘‘बाहेर काय करतात? ते चार ओळी टाक. नाहीतर लोकांना वाटेल हे फक्त आपल्याकडेच चालतं.’’

चार ओळींत मावणारे प्रकरण नव्हते, पण त्या शोधात मला जे सापडले ते पटेलांच्या निवेदनाइतकेच बोलके होते. युरोपीय मध्यवर्ती बँक १९९८ मध्ये उभी राहिली. कराराने तिच्या अध्यक्षाला आठ वर्षांची मुदत दिली होती, तीही पुन्हा नेमणूक न करण्याच्या अटीवर, म्हणजे कोणाला मिंधे राहायला नको. बहुतेक देशांना नेदरलँड्सचे विम डाउझेनबर्ग हवे होते आणि फ्रान्सला आपले झां-क्लोद त्रिशे. २ मे १९९८ रोजी ब्रुसेल्समध्ये राष्ट्रप्रमुख दुपारच्या जेवणाला बसले ते मध्यरात्रीपर्यंत उठले नाहीत. तोडगा असा निघाला की, डाउझेनबर्ग अध्यक्ष होतील, पण वयाचा विचार करून ते पूर्ण मुदत पदावर राहू इच्छित नाहीत, आणि हा निर्णय त्यांचा स्वतःचा आहे, कोणाच्या दबावाखाली घेतलेला नाही, असे ते स्वतः जाहीर करतील. त्यांनी तसे जाहीर केले. २००३ च्या नोव्हेंबरात त्यांच्या खुर्चीवर त्रिशे बसले. युरोपातही कारण वैयक्तिकच होते.

जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांच्याबाबतीत तर एवढी सारवासारवही लागत नाही. जुलै १९४४ मध्ये ब्रेटन वूड्सला ४४ देशांनी या संस्था ठरवल्या. भारताच्या शिष्टमंडळात चिंतामणराव देशमुख होते आणि ए. डी. श्रॉफही होते, ज्यांच्या नावाच्या व्याख्यानाने त्या ऑक्टोबरात वादळ उठवले ते. बँकेचा अध्यक्ष अमेरिकन आणि निधीचा प्रमुख युरोपीय असेल, असे या संस्थांच्या घटनेत कुठेही लिहिलेले नाही. तरी पहिल्यापासून तसेच चालत आले आहे. २००० मध्ये युरोपने जर्मनीचे कायो कॉख-वेझर पुढे केले, ते अमेरिकेला नको होते, म्हणून जर्मनीला होर्स्ट कोलर हे दुसरे नाव द्यावे लागले. २०११ मध्ये मेक्सिकोचे आगुस्तीन कारस्टेन्स उभे राहिले आणि फ्रान्सच्या क्रिस्तीन लगार्द निवडून आल्या. २०१२ मध्ये जागतिक बँकेसाठी नायजेरियाच्या अर्थमंत्री एनगोझी ओकोन्जो-इवेला उभ्या होत्या आणि निवड झाली ती अमेरिकेच्या जिम याँग किम यांची. निधीत अमेरिकेकडे साडेसोळा टक्क्यांच्या आसपास मते आहेत. भारताकडे पावणेतीन टक्क्यांहूनही कमी. आपल्याकडचे राजकारण निदान मुदतीच्या आडून चालते, तिथे ते पायंड्याच्या नावाखाली उघड चालते, एवढाच फरक मला दिसला.

हे सगळे मी लिहिले आणि यातले जवळपास काहीच छापून आले नाही. पान लावणाऱ्याने जागा मोजली, मजकूर दोनशे शब्दांनी जास्त होता, आणि युरोप, अमेरिका, ब्रेटन वूड्स सगळे एका फटक्यात गेले. रामा राव राहिले, ऑस्बर्न स्मिथ राहिले. मुदतीचा परिच्छेद मी हट्टाने तळातून उचलून वर आणला होता, म्हणून तोही वाचला.

त्यानंतरचे दोन तास अफवांचे होते. विरल आचार्य यांनीही राजीनामा दिल्याची वार्ता व्हॉट्सॲपवर फिरू लागली. आम्ही ती बातमी अर्धी लिहिली होती, तोच रिझर्व्ह बँकेकडून इन्कार आला. मिंट रोडवर फाटकासमोर उभ्या असलेल्या आमच्या बातमीदाराला दर दहा मिनिटांनी कोणी ना कोणी फोन करत होते आणि तो वैतागून सांगत होता की, वरच्या मजल्यांवर दिवे दिसताहेत, गाड्या आत-बाहेर करताहेत, याहून त्याला काही ठाऊक नाही. पंतप्रधानांचा आणि अर्थमंत्र्यांचा संदेश आला. दोन्हींत पटेलांच्या विद्वत्तेचा आणि सेवेचा गौरव होता. मी ते भाषांतरित करत असताना शेजारचा उपसंपादक म्हणाला, ‘‘हे वाचून वाटतं, माणूस गेला की काय.’’ राजन यांनी, ही सर्व भारतीयांनी काळजी करावी अशी बाब आहे, असे दूरचित्रवाणीवर सांगितले, तेही घेतले. मल्ल्याच्या प्रत्यार्पणाला लंडनच्या न्यायालयाने मंजुरी दिली होती. एरवी पहिल्या पानाचा मथळा झाली असती अशी ती बातमी दोन रकान्यांत घडीच्या खाली गेली.

डाक आवृत्ती सुटताना मी मथळा पाहिला. ‘वैयक्तिक’ चिन्हाविना होता. शहर आवृत्तीत रात्री साडेअकराला तो बदलला गेला आणि चिन्हे आली. का बदलला, हे मी विचारले नाही आणि वृत्तसंपादकांनी सांगितले नाही. रत्नागिरी-कोल्हापूरकडच्या वाचकांना आमच्या पेपराने एक सांगितले आणि दादर-ठाण्याच्या वाचकांना दुसरे, हे मात्र खरे. डोंबिवलीहून या वेळी पोस्टकार्ड आले नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी रुपया ७२ च्या पलीकडे उघडला आणि दिवसअखेर थोडा सावरला. शेअर बाजार तर सकाळची घसरण भरून काढून वर बंद झाला. संध्याकाळी शक्तिकांत दास यांच्या नेमणुकीची बातमी आली. नोटाबंदीच्या दिवसांत पत्रकारांसमोर रोज येणारे हेच ते अर्थव्यवहार सचिव. ते इतिहासाचे पदवीधर, म्हणून समाजमाध्यमांवर लगेच टिंगल सुरू झाली. ती मला पोरकट वाटली. चिंतामणराव केंब्रिजला वनस्पतिशास्त्र शिकले होते, त्या विषयाचे पारितोषिकही त्यांना मिळाले होते, आणि त्यांच्या गव्हर्नरपदाविषयी अजून कोणी तक्रार केलेली नाही. माणूस सनदी सेवेतला आहे की विद्यापीठातला, यावर आपण फार वेळ घालवतो. मी आधी नेमणुकीच्या आदेशातला आकडा शोधला. तीन वर्षे. या वेळी तो बातमीच्या दुसऱ्या ओळीत घेतला.

पुढे त्या आकड्याचा माग काढण्याची सवयच जडली. दास यांची मुदत ऑक्टोबर २०२१ मध्ये, संपायच्या आधीच, आणखी तीन वर्षांनी वाढवण्यात आली आणि ते सहा वर्षे राहिले. रामा राव यांच्यानंतर सर्वाधिक. डिसेंबर २०२४ मध्ये संजय मल्होत्रा आले, तेही तीन वर्षांसाठी. दरम्यान २०२३ मध्ये पुण्यात खडकीला जन्मलेले अजय बंगा जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले तेव्हा आमच्या पुणे आवृत्तीने जल्लोष केला. त्यांचे नाव बायडेन यांनी सुचवले होते आणि ते अमेरिकेचे नागरिक होते म्हणूनच ते सुचवता आले, ही ओळ मी सहाव्या परिच्छेदात टिकवून ठेवली, त्याबद्दल पुण्याहून रागाचा फोनही आला.

ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस एका रात्री छोटी बातमी आली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या कार्यकारी संचालकपदी ऊर्जित पटेल यांची सरकारने नेमणूक केली होती. भारताबरोबर बांगलादेश, श्रीलंका आणि भूतान यांच्या वतीने तिथे बोलणारी ही खुर्ची, आणि निधीचा प्रमुख निवडणाऱ्या पंचवीस जणांच्या मंडळातली एक. मुदत तीन वर्षे. मी कागदावर हिशेब मांडला. निधीच्या प्रमुख क्रिस्तालिना गिओर्गिएव्हा यांची दुसरी पाच वर्षे २०२९ च्या सप्टेंबरअखेर संपतात आणि पटेलांची तीन २०२८ मध्येच. म्हणजे पटेलांना मुदतवाढ मिळाली नाही आणि गिओर्गिएव्हा मुदतीआधी गेल्या नाहीत, तर नवा प्रमुख निवडताना ते त्या खुर्चीवर नसतील. बातमीला एका रकान्यात नव्वद शब्दांची जागा होती. हिशेब त्यात बसला नाही. मुदत तेवढी बसवली.